आवाज आणि पडदा : दूरध्वनी व ऑनलाइन सर्वेक्षणपद्धतींचा तौलनिक आढावा

मोजक्या माणसांना प्रश्न विचारून साऱ्या समाजाविषयी विधान करणे हे सर्वेक्षणशास्त्राचे मूळ काम आहे, आणि ते विधान कितपत विश्वासार्ह ठरते हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : ती मोजकी माणसे कशी निवडली गेली, आणि निवडलेल्या माणसांना प्रश्न कोणत्या मार्गाने विचारले गेले. दूरध्वनी आणि इंटरनेट यांची तुलना करताना या दोन गोष्टींची बहुधा गल्लत होते. दूरध्वनीची पद्धत जुनी म्हणून भरवशाची आणि ऑनलाइन पद्धत स्वस्त म्हणून उथळ, असे एक पक्ष मानतो. अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन आता कोणी उचलतच नाही, तेव्हा पुढचा काळ इंटरनेटचाच, असे दुसरा पक्ष म्हणतो. गेल्या तीन-चार दशकांतील संशोधन पाहिले, तर निवडीचा प्रश्न आधी सोडवल्याखेरीज माध्यमाच्या श्रेष्ठत्वाचा वाद निष्फळ ठरतो, आणि निवड निर्दोष असली तरी माध्यम उत्तरांना स्वतःचा रंग देतच राहते, असे दिसून येते. या दोन्ही बाबी वेगळ्या ठेवून उपलब्ध पुराव्याची मांडणी करणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

तुलनेची चौकट

सर्वेक्षणातील चुकांची विभागणी अभ्यासक सामान्यतः चार प्रकारांत करतात. ज्या यादीतून माणसे निवडायची त्या यादीत समाजाचा एखादा भाग मुळातच नसेल, तर तिला व्याप्तीची चूक म्हणतात. सर्वांऐवजी थोड्यांनाच विचारल्यामुळे अपरिहार्यपणे राहते ती नमुन्याची चूक. निवडलेल्यांपैकी काहींनी उत्तर देण्याचे नाकारल्याने किंवा ते भेटलेच नसल्याने होते ती अप्रतिसादाची चूक. आणि उत्तर मिळूनही ते वस्तुस्थितीपासून ढळलेले असते तेव्हा होते ती मापनाची चूक. वर्तमानपत्रांत छापली जाणारी ‘अधिक-उणे ३ टक्के’ ही मर्यादा यांपैकी फक्त दुसऱ्या प्रकारापुरती असते. उरलेल्या तीन चुका तिच्यात धरलेल्या नसतात, आणि दूरध्वनी व ऑनलाइन पद्धतींमधला खरा फरक नेमका त्या तीन चुकांमध्येच आहे.

दूरध्वनी : उदय आणि ओहोटी

दूरध्वनी सर्वेक्षणाचे शास्त्र प्रामुख्याने अमेरिकेत घडले. तेथे १९७० च्या दशकापर्यंत बहुसंख्य घरांत दूरध्वनी पोहोचला होता, परंतु दूरध्वनी निर्देशिकेतून नावे निवडणे सदोष होते, कारण अनेक ग्राहक आपला क्रमांक निर्देशिकेत छापू देत नसत. यावर उपाय म्हणून यंत्राने यादृच्छिक अंक जोडून क्रमांक तयार करण्याची, म्हणजे कोणत्याही क्रमांकाला निवडले जाण्याची ठरावीक संधी देणारी, पद्धत पुढे आली. मात्र असे तयार केलेले बहुतेक क्रमांक बंद असत किंवा कार्यालयांचे निघत. वॉरन मिटॉफ्स्की यांनी सुचवलेल्या आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांनी १९७८ मध्ये सिद्धान्तरूपात मांडलेल्या पद्धतीने ही अडचण दूर केली. त्यांच्या पद्धतीत शंभर-शंभर क्रमांकांचे गट पाडले जात, प्रत्येक गटातील एक क्रमांक आधी फिरवून पाहिला जाई, तो घरगुती निघाला तरच त्या गटातील आणखी क्रमांक घेतले जात, आणि न निघाल्यास अख्खा गट सोडून दिला जाई. रॉबर्ट ग्रोव्ह्ज आणि रॉबर्ट कान यांनी १९७९ मध्ये दूरध्वनीवरील आणि प्रत्यक्ष भेटीतील मुलाखतींची देशव्यापी तुलना प्रसिद्ध केली, आणि मुलाखतकाराच्या समोरच्या संगणकावर पुढचा प्रश्न आपोआप येण्याची सोय झाल्यावर दूरध्वनी हे जनमत अजमावण्याचे प्रमुख साधन बनले.

या पद्धतीचा पाया दोन गृहीतकांवर होता : घराघरात एक स्थिर क्रमांक असतो आणि घंटी वाजली की माणसे तो उचलतात. दोन्ही गृहीतके ढासळली. भ्रमणध्वनी आल्यावर क्रमांक घराचा न राहता व्यक्तीचा झाला, आणि भ्रमणध्वनीवर यंत्राने आपोआप फोन लावण्यास अमेरिकेच्या १९९१ च्या कायद्याने घातलेल्या निर्बंधांमुळे असे क्रमांक हाताने फिरवावे लागून खर्च वाढला. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या दूरध्वनी सर्वेक्षणांचा प्रतिसाद दर, म्हणजे निवडलेल्या पात्र नमुन्यापैकी मुलाखत पूर्ण झालेल्यांचे प्रमाण, १९९७ मध्ये ३६ टक्के होता. तो २०१२ मध्ये ९ टक्क्यांवर आणि २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला.

हा दर कोसळला म्हणून सर्व निष्कर्ष आपोआप निरुपयोगी ठरतात, असे मात्र नाही. उत्तर देणारे आणि न देणारे यांच्यात विचारलेल्या विषयाबाबत फरक असेल तेव्हाच अप्रतिसाद घातक होतो. प्यूने २०१२ मध्ये आपल्या दूरध्वनी सर्वेक्षणाची उच्च प्रतिसाद असलेल्या सरकारी सर्वेक्षणांशी तुलना केली, तेव्हा अनेक बाबतींत आकडे जवळपास जुळले. परंतु वर्षभरात स्वयंसेवी काम केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण सरकारी सर्वेक्षणात २७ टक्के, तर दूरध्वनी सर्वेक्षणात ५५ टक्के निघाले. जो माणूस अनोळखी मुलाखतकाराला पंधरा-वीस मिनिटे देतो तो समाजकार्यालाही वेळ देणारा असण्याची शक्यता अधिक, हे यामागचे कारण आहे, आणि वय, लिंग, शिक्षण यांच्या आधारे आकडे कितीही दुरुस्त केले तरी स्वभावातला हा फरक पुसला जात नाही.

‘ऑनलाइन’ या एका नावाखालच्या दोन पद्धती

ऑनलाइन सर्वेक्षण असे सरसकट म्हटले जाते तेव्हा दोन अगदी भिन्न पद्धती एका नावाखाली येतात. पहिल्या पद्धतीत जाहिरात, दुवा किंवा बक्षिसाचे गुण यांच्या आधारे माणसे स्वतःहून नाव नोंदवतात. हे स्वेच्छा-पॅनेल होय, आणि त्यातील व्यक्तीला निवडले जाण्याची संभाव्यता किती होती हे सांगता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत आधी लोकसंख्येच्या नोंदीतून किंवा पत्त्यांच्या यादीतून यादृच्छिक निवड होते, निवडलेल्यांना पत्राने किंवा भेटीने निमंत्रण जाते, आणि उत्तरे तेवढी इंटरनेटवरून घेतली जातात. हे संभाव्यता-पॅनेल होय. नेदरलँड्समध्ये २००७ मध्ये सुरू झालेल्या लिस पॅनेलसाठी सुमारे ५,००० कुटुंबे राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीतून निवडली गेली आणि ज्यांच्याकडे संगणक किंवा इंटरनेट जोडणी नव्हती त्यांना ती पुरवली गेली. प्यूचे अमेरिकन ट्रेंड्स पॅनेल २०१४ मध्ये उभे राहिले. आरंभी त्याचे सदस्य दूरध्वनीवरून मिळवले जात, पण २०१८ पासून टपाल खात्याच्या पत्त्यांच्या यादीतून निवड होऊ लागली.

या दोन पद्धतींतील अंतर संशोधनाने वारंवार दाखवले आहे. डेव्हिड येगर, जॉन क्रोस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत दूरध्वनीवरील यादृच्छिक नमुना, ऑनलाइन संभाव्यता नमुना आणि अनेक स्वेच्छा-पॅनेले यांची उत्तरे अधिकृत आकडेवारीशी ताडून पाहिली. पहिले दोन नमुने, माध्यम भिन्न असूनही, वस्तुस्थितीच्या बरेच जवळ होते. स्वेच्छा-पॅनेले मात्र अधिक चुकली, आणि त्यांच्यातील अचूकता एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मोठ्या प्रमाणात बदलत होती. येथे विभागणीची रेषा दूरध्वनी आणि इंटरनेट यांच्यामधून गेली नाही; ती निवडीच्या पद्धतींमधून गेली.

कोविड लसीकरणाच्या काळातील एका अभ्यासाने हाच मुद्दा आणखी ठळक केला. २०२१ च्या अखेरीस नेचर या नियतकालिकात व्हॅलरी ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील तीन सर्वेक्षणांची तपासणी मांडली. फेसबुकच्या वापरकर्त्यांमधून दर आठवड्याला सुमारे २,५०,००० उत्तरे मिळवणाऱ्या सर्वेक्षणाने मे २०२१ मध्ये लसीकरणाचे प्रमाण प्रत्यक्षाहून १७ टक्के-बिंदूंनी, म्हणजे दोन टक्केवाऱ्यांच्या थेट वजाबाकीतून निघणाऱ्या तेवढ्या फरकाने, जास्त दाखवले. अमेरिकी जनगणना विभागाचे दर दोन आठवड्यांना सुमारे ७५,००० उत्तरे मिळवणारे सर्वेक्षण १४ टक्के-बिंदूंनी चुकले. आणि संभाव्यता-पॅनेलमधील अवघ्या १,००० जणांच्या आसपास माणसांना विचारणारे ॲक्सिऑस-इप्सॉस यांचे सर्वेक्षण अधिकृत आकड्याच्या जवळ राहिले. तिन्ही सर्वेक्षणे ऑनलाइन होती, म्हणजे माध्यम एकच होते. निमंत्रितांतून उत्तर देणाऱ्यांचे अल्प प्रमाण आणि इंटरनेट नसलेल्यांची दखल घेण्यातला फरक यांनी निकाल ठरवला, आणि नमुना जितका मोठा तितका चुकीच्या आकड्यावरचा विश्वास दृढ झाला. संख्येच्या मोठेपणाला सत्याचा पुरावा मानण्याची सवय किती महाग पडते हे त्यातून स्पष्ट झाले.

स्वेच्छा-पॅनेलांपुढे उत्तरदात्याच्या खरेपणाचा आणखी एक प्रश्न उभा आहे. बक्षिसासाठी प्रश्नावली घाईने उरकणारी, प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणणारी किंवा खोटे वय सांगणारी माणसे त्यांत मिसळतात. प्यूने अशा एका नमुन्यात अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का, असे विचारले असता ३० वर्षांखालील १२ टक्के उत्तरदात्यांनी होकार दिला, आणि असा परवाना प्रत्यक्षात जवळपास कोणाकडेच नसल्याने ही उत्तरे निखालस खोटी होती. अशाच नमुन्यावर आधारलेल्या एका चाचणीत २०२३ च्या डिसेंबरमध्ये ज्यूंचा वंशसंहार ही दंतकथा असल्याचे ३० वर्षांखालील सुमारे २० टक्के अमेरिकी मानतात असा निष्कर्ष निघून खळबळ उडाली. तोच प्रश्न संभाव्यता-पॅनेलमध्ये विचारल्यावर हे प्रमाण ३ टक्के निघाले. एका संपूर्ण पिढीवर इतका गंभीर ठपका नमुन्याच्या दोषामुळे येऊ शकतो, हे लक्षात घेता सर्वेक्षणपद्धतीची चर्चा तज्ज्ञांपुरती मर्यादित ठेवणे परवडणारे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-प्रारूपांना प्रश्नावली भरायला लावल्यास ती लक्ष तपासण्यासाठी पेरलेले प्रश्नही बिनचूक सोडवतात, हे शॉन वेस्टवुड यांनी २०२५ मध्ये दाखवून दिल्यानंतर ही चिंता अधिकच वाढली आहे.

माध्यम उत्तर कसे बदलते

निवड सारखी ठेवली तरी आवाज ऐकून दिलेले उत्तर आणि पडद्यावर वाचून दिलेले उत्तर एकच असते असे नाही. याचे पहिले कारण सामाजिक इष्टता, म्हणजे समोरच्याला आपण भले दिसावे या इच्छेने उत्तराला दिलेली मुरड, हे होय. फ्राउके क्रॉयटर, स्टॅन्ली प्रेसर आणि रॉजर टूरांजो यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेरिलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना नापास झालेले विषय, मिळालेल्या श्रेणी अशा गोष्टी विचारल्या आणि उत्तरे विद्यापीठाच्या नोंदींशी पडताळली. माणसाने घेतलेल्या दूरध्वनी मुलाखतीपेक्षा इंटरनेटवर अप्रिय सत्य अधिक मोकळेपणाने कबूल केले गेले, आणि ध्वनिमुद्रित आवाजाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या दोहोंच्या मध्ये राहिली. लैंगिक वर्तन, व्यसन, कर्ज, मतदान न करणे अशा विषयांत म्हणून पडद्याची गोपनीयता हे मोठे बळ ठरते.

प्यूने आपल्या पॅनेलमधील सदस्यांचे यादृच्छिक दोन भाग करून एका भागाला दूरध्वनीवर आणि दुसऱ्याला इंटरनेटवर तेच ६० प्रश्न विचारले व २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन माध्यमांतील उत्तरांत सरासरी साडेपाच टक्के-बिंदूंचा फरक निघाला. कौटुंबिक जीवनाबद्दल ‘अतिशय समाधानी’ असल्याचे दूरध्वनीवर ६२ टक्क्यांनी, तर इंटरनेटवर ४४ टक्क्यांनी सांगितले. या फरकाचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे : वर्षानुवर्षे दूरध्वनीवर चाललेली एखादी मालिका मध्येच ऑनलाइन नेली, तर कोणाच्याही घरात काही न बदलता कौटुंबिक समाधान १८ टक्के-बिंदूंनी ‘घसरल्याचे’ दिसेल. म्हणून माध्यम बदलताना काही काळ दोन्ही पद्धती समांतर चालवून फरकाचे मोजमाप करणे अत्यावश्यक मानले जाते.

दुसरे कारण कान आणि डोळा यांच्या कामातील फरकात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील सेवेबद्दलचा प्रश्न घेतला आणि त्याला ‘अतिशय समाधानी, बऱ्यापैकी समाधानी, धड समाधानी नाही धड असमाधानी नाही, काहीसे असमाधानी, अजिबात समाधानी नाही’ असे पाच पर्याय ठेवले, तर फोनवर ऐकणाऱ्याच्या कानात शेवटचे एक-दोन पर्यायच ताजे राहतात. पहिला पर्याय पुन्हा सांगा म्हणण्याचा संकोच वाटला की तो हाताशी असलेला पर्याय उचलतो. लांब यादी ऐकताना शेवटाकडे कल झुकतो, तर यादी वाचताना पहिला पटण्याजोगा पर्याय दिसताच नजर तेथेच थांबते आणि कल आरंभाकडे झुकतो. पर्यायांचा क्रम उत्तरदात्यागणिक बदलून हे कल काही अंशी विभागता येतात, पण चढत्या-उतरत्या श्रेणीत क्रम मनमानी बदलता येत नसल्याने दोष पूर्ण जात नाही. ऑनलाइन प्रश्नावलीत भरीस भर म्हणून तक्त्याच्या रूपात आलेल्या दहा-बारा विधानांना ओळीने एकच उत्तर देण्याची प्रवृत्ती दिसते, आणि तोच तक्ता भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर आडवा न मावल्यास कडेचे पर्याय दिसतच नाहीत.

दूरध्वनीच्या बाजूने मात्र एक गुण निर्विवाद आहे : तेथे प्रश्न विचारणारा माणूस असतो. न समजलेला शब्द तो पुन्हा उच्चारतो, उत्तर मोघम असल्यास अधिक विचारतो, कंटाळलेल्याला शेवटपर्यंत नेतो, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही सहभागी करून घेतो. हाच माणूस सामाजिक इष्टतेचे कारणही असतो, म्हणून त्याचा लाभ आणि त्याची किंमत एकाच वेळी हिशेबात धरावी लागते.

भारतातील परिस्थिती

भारतात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची सुरुवात १९५० मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने झाली, आणि तेव्हापासून घरोघरी जाऊन माहिती घेणे हीच येथील मुख्य परंपरा राहिली. त्यामुळे पाश्चात्त्य निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातील ३३ टक्के स्त्रियांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. स्वतः वापरत असलेला भ्रमणध्वनी ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. महाराष्ट्रात इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३८ टक्के, तर गोव्यात ते सुमारे ७४ टक्के होते. त्यानंतर प्रसार वाढला आहे, तरीही एका राज्यात चालणारी ऑनलाइन पद्धत शेजारच्या राज्यात स्त्रियांचा मोठा भाग वगळू शकते, हे या आकड्यांतून उघड होते.

दूरध्वनीवर यादृच्छिक निवड भारतात शक्य आहे, हे ‘सोशल ॲटिट्यूड्स रिसर्च, इंडिया’ या २०१६ पासून झालेल्या सर्वेक्षणाने दाखवले. डायन कॉफी, पायल हाथी, अमित थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरसंचार मंडळांना दिलेल्या क्रमांक-मालिकांच्या आधारे यादृच्छिक भ्रमणध्वनी क्रमांक तयार करून दिल्ली, मुंबई, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि पुढे महाराष्ट्रासह इतर काही भागांत अस्पृश्यता व भेदभाव यांविषयी लोकांशी संवाद साधला. फोन उचलणारा बहुधा पुरुष असतो, ही अडचण ओळखून स्त्रियांच्या मुलाखती स्त्री मुलाखतकारांनी घेतल्या आणि घरातील प्रौढांची यादी करून त्यांतून उत्तरदात्याची निवड केली. शेवटी वय, लिंग, शिक्षण आणि निवासस्थान यांबाबत नमुना जनगणनेशी जुळावा म्हणून भारांकन केले, म्हणजे नमुन्यात कमी आलेल्या गटांच्या उत्तरांना अधिक वजन दिले. भेदभावासारख्या विषयात लोक आपला पूर्वग्रह फोनवर उघड करतात, हा या कामाचा महत्त्वाचा धडा होता.

तरीही भारतीय दूरध्वनी सर्वेक्षणाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. जुलै २०१५ मध्ये देशभर क्रमांक कायम ठेवण्याची सोय झाल्यापासून क्रमांकावरून उत्तरदात्याचे राज्य निश्चित सांगता येत नाही. घरातील फोन सामायिक असतो, तो सासरच्या माणसांसमोर स्पीकरवर ठेवून बोलावे लागते, आणि अशा वेळी गोपनीयतेचे आश्वासन शब्दांपुरते उरते. कॉल ओळखणाऱ्या ॲपवर सर्वेक्षणाचा क्रमांक ‘स्पॅम’ म्हणून नोंदला गेला की प्रतिसाद आटतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी या संस्थेला आपले कुटुंब सर्वेक्षण दूरध्वनीवर न्यावे लागले. मात्र तेथे कुटुंबे आधीच प्रत्यक्ष भेटीतून निवडलेली आणि ओळखीची होती, म्हणून हे स्थलांतर शक्य झाले. एकदा घरी जाऊन केलेली निवड आणि नंतरचे दूरध्वनीवरील पाठपुरावे ही जोडी भारतासारख्या देशाला विशेष अनुरूप ठरते. २०२७ च्या जनगणनेत नागरिकांना स्वतःची माहिती ऑनलाइन भरण्याची मुभा देतानाच प्रगणकाची घरभेट कायम ठेवली आहे, त्यामागेही हाच विचार दिसतो.

निष्कर्ष

उपलब्ध पुराव्यावरून काही दिशा ठामपणे सांगता येतात. संवेदनशील विषय, लांब पर्याय-याद्या, चित्रे किंवा दृक्‌श्राव्य सामग्री यांसाठी ऑनलाइन पद्धत सरस आहे, परंतु निवड यादृच्छिक असेल आणि इंटरनेट नसलेल्यांना दुसरा मार्ग खुला असेल तरच. वृद्ध, अल्पशिक्षित आणि ग्रामीण लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी, तसेच तातडीने माहिती हवी असताना, दूरध्वनी अजून उपयुक्त आहे. मात्र प्रश्न छोटे, पर्याय मोजके आणि मुलाखतकार उत्तरदात्याच्या बोलीशी परिचित असले पाहिजेत. स्वेच्छा-पॅनेल प्रश्नावलीची पूर्वचाचणी करण्यास किंवा एकाच नमुन्यातील गटांवर प्रयोग करण्यास चालते. समाजात अमुक टक्के लोक अमुक मानतात, असे विधान त्यावर उभारणे धोक्याचे आहे. दीर्घकालीन कामासाठी संभाव्यतेवर निवडलेला एकच नमुना आणि उत्तर देण्याचे अनेक मार्ग ही मिश्र पद्धत आज सर्वांत भक्कम दिसते, आणि सुरुवातीचा तिचा खर्च मोठा असला तरी एकदा उभे राहिलेले पॅनेल अनेक वर्षे अनेक संशोधकांच्या उपयोगी पडते.

यासोबत प्रसिद्धीची शिस्तही बदलली पाहिजे. सर्वेक्षणाचा आकडा छापताना उत्तरदाते कोठून आणि कसे निवडले, किती जणांनी नाकारले, प्रश्न कोणत्या माध्यमातून आणि कोणत्या शब्दांत विचारला, भारांकन कशाच्या आधारे केले, हे चार-सहा ओळींत सांगणे प्रत्येक संस्थेला शक्य आहे, आणि ते न सांगणाऱ्या आकड्याला वृत्तपत्रांनी जागा देऊ नये. शासनाच्या योजना, आरोग्यसेवेची आखणी आणि निवडणुकांविषयीची चर्चा या आकड्यांवर चालते. ज्या स्त्रीकडे स्वतःचा फोन नाही, ज्या मजुराला कामाच्या वेळी फोन उचलता येत नाही आणि ज्या वृद्धाला पडद्यावरचा मजकूर वाचता येत नाही, त्यांना यादीतून वगळणारे सर्वेक्षण योजनांची आखणीही त्यांना वगळूनच करायला लावते. म्हणून माध्यमाची निवड करण्यापूर्वी या माणसांना उत्तर देण्याचा मार्ग कोणता, हे ठरवणे ही प्रत्येक सर्वेक्षणकर्त्याची पहिली जबाबदारी आहे.